आमरस झाल्यावर कोयींचे काय?

मे महिन्यात रविवारी दुपारी पुण्यात ज्या घरी जावे तिथे आमरसाचा बेत असतो. रस काढणाऱ्याच्या एका हाताशी रसाचे पातेले असते, दुसऱ्या हाताशी साली-कोयींची परात. पातेल्याकडे सगळ्यांचे लक्ष असते. परातीकडे कोणाचेच नसते. जेवणे आटोपली की ती परात ओल्या कचऱ्याच्या बादलीत रिकामी होते आणि विषय संपतो.

एकदा मी स्वयंपाकघरातला तराजू घेऊन बसलो. हापूसचे एक फळ सुमारे २५० ग्रॅम भरले. रस पिळून झाल्यावर साल आणि कोय मिळून ७० ग्रॅमच्या आसपास उरले. म्हणजे एवढे पैसे मोजून आणलेल्या फळाचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग आपण फेकून देतो. रायवळ आंब्याची गत याहून वाईट. निरनिराळ्या जातींची मोजमापे पाहिली तर साल फळाच्या वजनाच्या ७ ते २४ टक्के आणि कोय ९ ते ४० टक्के भरते.

घरातल्या परातीचे एक वेळ सोडून देऊ. पण रत्नागिरी, देवगड या भागात आंब्याचा रस डब्यांत भरणारे कारखाने आहेत. कोकणात 'कॅनिंगचा आंबा' हा शब्द सर्वांच्या तोंडी असतो. देखणे फळ पेटीत बसून पुण्या-मुंबईला जाते. लहान, डागी, जास्त पिकलेले आणि हंगामाच्या अखेरीचे फळ किलोच्या भावाने कॅनिंगला जाते. समजा, एका कारखान्यात दिवसाला १० टन आंबा आला. वरचेच त्रैराशिक मांडले तर संध्याकाळी दाराशी पावणेतीन टन साली आणि कोयी पडतात. असा एक ढीग मी जून महिन्यात पावसात भिजताना पाहिला आहे. जवळ जाण्यापूर्वी नाकाला कळते, आणि ढिगातून निघालेले काळपट पाणी उताराने ओढ्याकडे जात असते.

या ढिगात आहे तरी काय? तुमच्यापैकी ज्यांनी पावसाळ्यात उकिरड्यावर रुजलेली कोय दगडावर घासून तिची पुंगी वाजवली असेल, त्यांच्या जिभेला तिची तुरट चव ठाऊक असेल. ती चव टॅनिन वर्गातील पदार्थांची. कोयीचे कठीण कवच फोडले की आतला गर मिळतो. तो वाळवून त्याचे पृथक्करण केले तर निम्म्याहून अधिक पिष्ट, सुमारे १० टक्के तेल आणि ६ टक्क्यांच्या आसपास प्रथिने आढळतात. सालीत पेक्टिन असते, पिवळे रंगद्रव्य असते आणि मँगिफेरिन नावाचा एक पदार्थ असतो. मँगिफेरिनचे आणि त्याच्या भाऊबंदांचे औषधी गुण सांगणाऱ्या जाहिराती तुम्ही पाहाल. त्यांवर लगेच विश्वास ठेवू नये. परीक्षानळीत जे घडते ते माणसाच्या शरीरात घडेलच असे नाही. कोयीतील तेल आणि सालीतील पेक्टिन यांचे मात्र तसे नाही; त्यांचे उपयोग पक्के ठरलेले आहेत. म्हणून आपण त्या दोहोंचाच विचार करू.

भिरंडेल

कोयीतील तेलाकडे जाण्यापूर्वी कोकणातीलच एका जुन्या उद्योगाकडे पाहायला हवे. रातांब्याच्या म्हणजे कोकमाच्या फळाच्या सालीची आमसुले होतात, सरबत होते. बिया उरतात. पण कोकणातल्या बायकांनी त्या कधी टाकल्या नाहीत. बिया धुऊन उन्हात खडखडीत वाळवायच्या, वरचे टरफल काढायचे, गर कुटायचा आणि पाण्यात घालून उकळायचा. तेल पाण्यापेक्षा हलके, म्हणून ते सुटून वर तरंगते. ते काढून घेतले की थंड होताना घट्ट होते आणि त्याचे मुठीएवढे गोळे वळता येतात. हेच कोकम तेल किंवा भिरंडेल. टाचांना पडलेल्या भेगांवर ते चोळायचे, ही आजीची कृती अनेक घरांत अजून चालू आहे.

याला तेल म्हणतात खरे, पण नेहमीच्या हवेत ते दगडासारखे घट्ट असते. ४० अंश सेल्सिअसच्या आसपास ते वितळते, आणि वितळताना जवळजवळ एकदम वितळते. याच्या शेजारी साजूक तुपाची बरणी ठेवून पाहा. पुण्याच्या हवेत तूप धड घट्ट नसते आणि धड पातळही नसते. तळाशी रवा, वर पातळ. असे का व्हावे?

तेल-तुपाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनचा एक कणा आणि त्याला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या. तुपात या साखळ्या नाना लांबीच्या असतात, काही सरळ तर काही वाकड्या, आणि त्यांच्या जुळण्या शेकडो प्रकारच्या. प्रत्येक प्रकारचा रेणू आपापल्या तापमानाला वितळतो. कोकमाच्या तेलात मात्र बहुसंख्य रेणू एकाच घडणीचे आहेत: मधली साखळी वाकड्या ओलेइक आम्लाची आणि दोन्ही बाजूंच्या साखळ्या सरळ अशा स्टिअरिक आम्लाच्या. विटा एकाच साच्यातल्या असल्या म्हणजे भिंत घट्ट रचता येते, तसे हे रेणू एकमेकांवर नीट रचले जातात. तापमान पुरेसे वाढले की ही रचना सगळीकडे जवळजवळ एकाच वेळी ढासळते.

असा गुण असलेला आणखी एक प्रसिद्ध पदार्थ म्हणजे कोकोचे लोणी. चॉकलेट बोटांत धरले असता घट्ट राहते आणि जिभेवर ठेवताच विरघळते, कारण हे लोणी ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या किंचित खाली वितळते. त्याच्याही रेणूत मधली साखळी ओलेइक आम्लाची आणि कडेच्या दोन स्टिअरिक किंवा पामिटिक आम्लाच्या असतात. कोको महाग. म्हणून त्याच्या जोडीला चालेल अशा दुसऱ्या वनस्पतिज स्निग्ध पदार्थांचा शोध जगभर होत राहिला. युरोपीय संघाने जून २००० मध्ये काढलेल्या आदेशात चॉकलेटमध्ये जास्तीत जास्त ५ टक्क्यांपर्यंत चालतील अशा सहा पदार्थांची यादी आहे. त्या सहांत एक आपले कोकम आहे, आणि दुसरा आहे आंब्याच्या कोयीतील गर! या गरातील तेलाचीही घडण तीच. जातीनुसार ते साधारण ३४ ते ४० अंशांच्या आसपास वितळते. पुण्याच्या मे महिन्यात दुकानातले चॉकलेट कसे लिबलिबीत होते ते तुम्ही अनुभवले असेलच. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी कोकम तेल मिसळल्याने चॉकलेट उष्णतेला अधिक टिकते असे २००५ साली दाखवून दिले.

मग कोयीचेही भिरंडेलासारखेच का करू नये? अडचण प्रमाणाची आहे. कोकमाच्या बीच्या गरात ४० टक्क्यांच्या आसपास तेल असते, कोयीच्या गरात सुमारे १०. एवढे थोडे तेल उकळून सुटे होत नाही. पिष्टाची खळ मात्र होते. घाण्यातही ते नीट निघत नाही. त्याला विद्रावकाची मदत घ्यावी लागते.

पोह्यांसारखे पापुद्रे

तेल काढण्याच्या मोठ्या कारखान्यांत हेक्झेन नावाचा विद्रावक वापरतात. पेट्रोलियमपासून मिळणारा हा द्रव ६९ अंशांच्या आसपास उकळतो. गरावरून तो फिरवला की तेल त्यात विरघळते. मग द्रावण तापवायचे. हेक्झेन उडून जातो, तेल खाली राहते. उडालेली वाफ थंड करून हेक्झेन पुन्हा वापरायचा. तो अत्यंत ज्वालाग्राही असल्याने हे काम घरी किंवा शाळेत करून पाहायचे नाही.

रसायन शिकवणारे माझे सहकारी इथे थांबतील. मी पदार्थविज्ञानाचा माणूस. मला पुढचा प्रश्न पडतो, की याला वेळ किती लागेल? गराच्या मध्यभागी असलेल्या तेलाच्या रेणूला बाहेर यायचे आहे. तो सरळ चालत येत नाही. गर्दीत धक्के खात, कधी पुढे कधी मागे, असा तो येतो. यालाच विसरण म्हणतात. आणि विसरणाचा नियम मोठा विलक्षण आहे: अंतर दुप्पट झाले तर वेळ दुप्पट होत नाही, चौपट होतो. अंतर दसपट झाले तर वेळ शंभरपट. समजा, ५ मिलिमीटर जाडीच्या तुकड्यातून तेल निघायला १० तास लागले. त्याच गराचा अर्धा मिलिमीटर जाडीचा पापुद्रा केला तर वेळ शंभराव्या हिश्शाने, म्हणजे फक्त ६ मिनिटे! म्हणून कारखान्यात गर प्रथम रुळांमधून दाबून पोह्यांसारखा चपटा करतात. अगदी पीठ मात्र करत नाहीत, कारण पिठाचा चिखल होऊन विद्रावक त्यातून झिरपत नाही. चहाच्या भुकटीचा रंग पाण्यात लगेच उतरतो आणि अख्ख्या पानाचा सावकाश, यामागेही हाच नियम आहे.

हेक्झेनऐवजी कार्बन डायऑक्साइड वायूही वापरता येतो. टॉमस अँड्र्यूज या शास्त्रज्ञाने १८६९ साली दाखवले, की ३१ अंशांच्या वर हा वायू कितीही दाबला तरी त्याचा द्रव होत नाही. मात्र सुमारे ७३ वातावरणांपेक्षा अधिक दाबाखाली तो द्रवासारखा दाट होतो आणि पदार्थ विरघळवू लागतो. दाब सोडला की पुन्हा वायू होऊन निघून जातो, मागे काही ठेवत नाही. कॉफीतील कॅफीन या रीतीने काढतात. यंत्रसामग्री फार महाग पडते, त्यामुळे अत्तरे, मसाल्यांचे अर्क अशा किमती मालालाच ती परवडते.

पाण्याचा हिशेब

इथवर सारे गोड वाटते. कोयीत चॉकलेटला चालणारे तेल आहे, ते काढता येते. मग जून महिन्यात ढीग भिजत का पडतात? याचे उत्तर माझ्या मते रसायनशास्त्रात नाही. ते पाण्यात आहे.

ताज्या कोयीच्या गरात जवळजवळ निम्मे पाणी असते. ओल्या गरातील विकर, म्हणजे एन्झाइम, लगेच कामाला लागतात आणि कण्यापासून साखळ्या तोडू लागतात. तेल खवट होते. ज्या एकसारख्या घडणीसाठी आपण ते घ्यायला निघालो होतो, तीच नाहीशी होते. त्यावर बुरशी चढली तर अफ्लाटॉक्सिनसारखी विषे तयार होऊ शकतात. तेव्हा कोय शक्य तितक्या लवकर फोडून गर वाळवला पाहिजे. आता दिनदर्शिका पाहा. कॅनिंगचा भर मे महिन्याच्या उत्तरार्धात आणि जूनच्या सुरुवातीला. कोकणात मोसमी पाऊस येतो सामान्यतः जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. २०२५ साली तर तो २६ मे रोजीच मुंबईत पोचला. कोयींचा ढीग सर्वांत मोठा असतो त्याच वेळी ऊन नाहीसे होते.

ऊन नाही तर भट्टीने वाळवू. परवडेल का? गणित करून पाहू. आपल्या कल्पनेतील कारखान्यात १० टन आंब्यांमागे १.४ टन कोयी निघाल्या असे धरा. त्यांपैकी निम्मे, म्हणजे ७०० किलो कवच आणि ७०० किलो गर. गरातील ३५० किलो पाणी घालवायचे आहे. प्रत्येक किलो पाणी ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ३०० किलोज्यूल आणि त्याची वाफ करायला २,२६० किलोज्यूल लागतात. एकूण सुमारे ९ लाख किलोज्यूल उष्णता झाली. आता कवचाकडे वळू. ते लाकडासारखेच असते. त्यातही निम्मे पाणी धरले तर कोरडे लाकूड ३५० किलो. दर किलोला १५,००० किलोज्यूल या हिशेबाने ५२ लाख किलोज्यूल. त्यातले ९ लाख त्याच्याच ओलीत खर्च झाले, तरी ४३ लाख उरतात. भट्टी अगदी सुमार असली आणि तीस टक्केच उष्णता कामी आली, तरी १३ लाख किलोज्यूल मिळतात. लागणार होती ९ लाख. म्हणजे कोय स्वतःच्याच कवचावर वाळू शकते! पहिल्या दिवशी भट्टी पेटवायला गेल्या वर्षीची कोरडी कवचे जपून ठेवली म्हणजे झाले.

या साऱ्या खटाटोपातून मिळणार काय? ३५० किलो वाळलेला गर आणि त्यातून ३५ किलो तेल. १० टन आंब्यांमागे ३५ किलो! एवढ्यासाठी कोणी कारखानदार हेक्झेनचा कारखाना उभारणार नाही. मात्र प्रत्येकाने आपापल्या आवारात गर वाळवून ठेवला तर तो बिघडत नाही. पाऊस संपल्यावर वीस ठिकाणचा गर एका जागी नेऊन तेल काढता येईल. वाहतूकही मग पाण्याची होणार नाही, मालाची होईल.

सालीचे गणित याहून अवघड आहे. सालीत तीन चतुर्थांश पाणी. एक टन साल वाळवायची म्हणजे ७०० किलोहून अधिक पाणी उडवायचे; त्याची उष्णता विजेच्या मापात ५०० युनिटांच्या घरात जाते. महिन्याला १०० युनिट वीज वापरणाऱ्या कुटुंबाला ती पाच महिने पुरेल. आणि सालीला जाळायला कवच नाही. उरलेल्या २५० किलो कोरड्या भागात १० टक्के पेक्टिन धरले तर ते भरते २५ किलो.

पेक्टिन म्हणजे जॅम आणि जेली ज्यामुळे घट्ट होतात तो पदार्थ. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो याने १८२५ साली त्याला हे नाव दिले. बाजारात मिळणारे पेक्टिन बहुतांशी लिंबू-संत्र्याच्या जातीच्या फळांच्या साली आणि सफरचंदाचा चोथा यांपासून, म्हणजे रस काढून उरलेल्या मालापासूनच बनते. सालीला सौम्य आम्ल घातलेल्या गरम पाण्यात ठेवले की पेक्टिन पाण्यात उतरते, आणि त्या पाण्यात अल्कोहोल घातले की ते गुठळ्या होऊन वेगळे होते. पाण्यातूनच काढायचे असेल तर साल आधी वाळवायची कशाला? रसाच्या कारखान्याला लागूनच, ओल्या सालीवर त्याच दिवशी हे काम केले तर वाळवण्याची उष्णता वाचते. वाळवणे भागच असेल तर आधी दाबून जितके निघेल तितके पाणी पिळून काढावे. पिळताना पाणी फक्त जागचे हलवायचे असते. वाफ करताना त्याचा प्रत्येक रेणू शेजाऱ्यापासून तोडावा लागतो. धुलाईयंत्र कपडे गरगर फिरवून पिळते तेव्हा विजेचा खर्च किरकोळ होतो, आणि तेच पाणी इस्त्रीने घालवायला गेलात तर बिल पाहवणार नाही.

तेल, पेक्टिन आणि बाकीचे पदार्थ एकाच कारखान्यात ओळीने काढले तर जमाखर्च कसा बसेल, याची सविस्तर मांडणी मुंबईची भारतीय तंत्रविज्ञान संस्था आणि ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केली आहे. असे हिशेब द्राक्षांच्या चोथ्याचे आणि डाळिंबाच्या सालीचेही मांडता येतील. पण कोकणातच एक हिशेब केव्हाच जमला आहे, तो काजूच्या टरफलांचा. टरफलातून काळपट, कातडी भाजणारे तेल निघते आणि ते रंगांत, वाहनांच्या ब्रेकच्या अस्तरांत वापरले जाते. टरफल वाळलेले असते, वर्षभर साठवता येते आणि त्याच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाहून अधिक तेलच असते. साल आणि टरफल एकाच जिल्ह्यातली, पण एकात पाणी तीन चतुर्थांश आणि दुसऱ्यात नाममात्र. एवढ्या फरकाने एकाचा उद्योग झाला आणि दुसऱ्याचा उकिरडा.

करून पाहा

पेक्टिन शाळेत काढता येते. आंब्याच्या साली घ्या. हंगाम नसेल तर मोसंबीच्या सालीचा आतला पांढरा भाग किंवा पेरूचे तुकडे चालतील. १०० ग्रॅम साली बारीक चिरून ३०० मिलिलिटर पाण्यात घाला, त्यात एका लिंबाचा रस पिळा आणि मंद आचेवर पाऊण तास ठेवा. पाणी आटले तर थोडे घाला. फडक्यातून गाळून पाणी पूर्ण थंड होऊ द्या. आता शेगडी विझवून दूर ठेवा, खिडक्या उघडा आणि शिक्षकांना जवळ उभे करा. एका काचेच्या पेल्यात थोडे गाळलेले पाणी घेऊन त्याच्या दुप्पट स्पिरिट हळूहळू ओता. औषधांच्या दुकानात मिळणारे चालेल. काही मिनिटांत ढगासारखी, चिकट गुठळी धरू लागेल. तिची चव मात्र घेऊ नका. स्पिरिट विषारी असू शकते.

गुठळी चमच्याने काढून फडक्यात पिळा, आधी तोलून ठेवलेल्या काचपट्टीवर पसरा आणि दोन दिवस वाळू द्या. तोवर दुसऱ्या १०० ग्रॅम साली पंख्याखाली ठेवून रोज तोला आणि वजनाचा आलेख काढा. तो आधी भराभर उतरेल, मग सावकाश. कोणत्या दिवशी वळला ते पाहा, आणि हाच प्रयोग एकदा मे महिन्यात व एकदा जुलैमध्ये करा.